दमट हवेतली सडपातळ खुर्ची

१९४० च्या दशकाच्या सुरुवातीला रिओ दि जानेरोमधल्या एका नावाजलेल्या फर्निचर कंपनीत एक गिऱ्हाईक आलं. त्याचं नाव फ्रान्सिस्को इनासिओ पेइशोतो. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात कातागुआझेस हे कापडगिरण्यांचं गाव आहे, तिथल्या गिरणीमालक घराण्यातला हा माणूस. स्वतः लेखक होता. १९२७ मध्ये त्या आडगावातल्या काही पोरांनी आधुनिक साहित्याचं मासिक काढून देशाचं लक्ष वेधून घेतलं होतं, त्या पोरांमध्ये तोही होता. आता त्याला राहायला घर हवं होतं आणि त्याचा आराखडा त्यानं ऑस्कर निमायर या ब्राझिलियन वास्तुकाराकडे सोपवला होता. निमायर तेव्हा पस्तिशीच्या अलीकडे. बाग रॉबेर्तो बुर्ले मार्क्सची.

घर नव्या विचाराचं, पण बसायचं कशावर? कंपनीचं नाव लाउबिश अँड हिर्थ. श्रीमंत घरांना त्या काळी जे लागायचं तेच ती बनवायची: फ्रेंच राजांच्या काळातल्या वळणदार पायांच्या खुर्च्या, जुन्या पोर्तुगीज धाटणीची भरगच्च कोरीव कपाटं, इंग्रजी नमुन्याची जेवणाची टेबलं. काम अव्वल दर्जाचं, यात शंका नाही. पण पेइशोतोला त्यातलं काही पटेना. निमायरच्या घरात असलं फर्निचर म्हणजे पाहुण्यांनी आपलं सामान विसरून जावं तसं दिसलं असतं.

त्या कंपनीत आराखडे काढणारा एक पोर्तुगीज माणूस होता, जोआकिम तेनरेइरो. १९०६ मध्ये पोर्तुगालच्या मेलो गावी जन्मलेला. बाप सुतार, आजाही सुतार. पोरवयातच बापाच्या हाताखाली लागलेला. १९२८ मध्ये तो कायमचा ब्राझीलला आला. दिवसा दुसऱ्यांच्या राजांची फर्निचरं काढायची आणि उरल्या वेळात चित्रकला शिकायची, असं त्याचं चाललं होतं. त्यानं स्वतःच्या मनानं काढलेले नमुने पेइशोतोला दाखवले. पेइशोतोला ते पसंत पडले. कंपनीनं ते बनवून दिले आणि ते कातागुआझेसच्या घरात गेले.

प्रकरण एवढंच. एक घरमालक, एक सुतार, एक ऑर्डर. पण ब्राझीलच्या आधुनिक फर्निचरची गोष्ट सांगताना लोक आजही इथून सुरुवात करतात. मी लाकडात काम करणारा माणूस. मला हे प्रकरण वेगळ्याच कारणानं जवळचं वाटतं. तेनरेइरोच्या कामाबद्दल लिहिताना बहुतेक लोक त्याची नजाकत, त्याची चित्रकाराची नजर यांवर थांबतात. ते सगळं खरंच आहे. पण त्या सडपातळ पायांमागे हवेचा हिशेब आहे. त्याबद्दल फार कोणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

हवा कशी, ते आधी

कातागुआझेस विषुववृत्ताच्या खाली २१ अंशांवर आहे. आपलं नागपूर जवळजवळ तितकंच वर. पण हवा नागपूरची नव्हे. तिथे उन्हाळा आणि पाऊस हातात हात घालून येतात. रिओ तर समुद्रावरच आहे. तिथली हवा कशी असेल, हे मालवण-वेंगुर्ल्याच्या सुताराला सांगावं लागणार नाही. अंगाला चिकटणारा घाम, चामड्याच्या चपलेवर चार दिवसांत येणारी बुरशी, भिंतीच्या पायथ्याशी वाळवीच्या मातीची रेघ.

अशा हवेत फ्रेंच राजाची खुर्ची आणली की काय होतं? बैठकीत घोड्याचे केस आणि वर मखमल. ती घाम पिते आणि धरून ठेवते. आत ओल, ओलीत बुरशी, मग वास. कपाटाच्या पृष्ठभागावर भारी लाकडाचा पातळ पापुद्रा सरसानं चिकटवलेला असतो. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्याचा-हाडांचा डिंक, तो ओलीनं मऊ पडतो आणि पापुद्रा कडेनं उचलला जातो. खोल कोरीव नक्षीत धूळ आणि ओल साचते, किड्यांना बसायला जागा मिळते. जमिनीला टेकलेल्या जाड बैठ्या पायांखालून वारा जात नाही, झाडूही जात नाही. हे फर्निचर वाईट नव्हतं. थंड, कोरड्या, शेकोटीच्या खोल्यांसाठी ते जन्माला आलं होतं, आणि बंदराबरोबर, सत्तेबरोबर ते उष्ण मुलुखात आलं.

आपल्याकडेही हेच झालं आहे. मे महिन्यात मुंबईतल्या दिवाणखान्यात रेक्झिनच्या जाडजूड सोफ्यावर बसून उठताना पाठीचा जो आवाज होतो, तो सगळ्यांना ठाऊक आहे.

साडेतीन मिलिमीटरचा प्रश्न

आता लाकडाच्या पोटात शिरू. तेनरेइरोचं काम कळायचं असेल तर हा हिशेब लागतो.

लाकूड कापलं, वाळवलं, पॉलिश केलं तरी ते हवेशी देवाणघेवाण थांबवत नाही. तीस अंश तापमानात हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकूड साधारण ९ टक्के ओलावा धरून स्थिरावतं. आर्द्रता ८० टक्के झाली की तेच लाकूड १५-१६ टक्क्यांवर जातं. म्हणजे कोरड्या दिवसांपासून पावसाळ्यापर्यंत सहाएक टक्क्यांचा फरक. हा फरक लाकूड फुगून दाखवतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही: लांबीत जवळजवळ शून्य, रुंदीत बरंच. वार्षिक वलयांच्या कडेनं ते जेवढं हलतं, त्याच्या निम्मंच गाभ्याकडून सालीकडे हलतं. सागवान हे शांत लाकूड म्हणून ओळखलं जातं, तरी पूर्ण ओलं असल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत ते वलयांच्या दिशेत ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे २.५ टक्के आकसतं.

यावरून घरच्या घरी हिशेब करता येतो. सागाची ३० सेंटिमीटर रुंद फळी, सपाट चिरलेली, म्हणजे तिची रुंदी वलयांच्या दिशेत. सहा टक्के ओलावा वाढला की ती साधारण साडेतीन मिलिमीटर रुंदावते. साडेतीन मिलिमीटर म्हणजे कपाटाचं दार अडकायला, टेबलाची कड फाटायला, घट्ट बसवलेली चौकट उलायला पुरेसं. आता त्याच सागाची २ सेंटिमीटरची काठी घ्या. ती हलते पाव मिलिमीटरपेक्षाही कमी. सांध्यातली नैसर्गिक ढील ते पचवते.

जाडी-रुंदी कमी केली की लाकडाचा हट्ट कमी होतो. तेनरेइरोनं हा हिशेब कागदावर मांडला होता असं माझं म्हणणं नाही. तिसऱ्या पिढीच्या सुताराला तो रंध्यावरून कळतो. पण त्याचं काम पाहताना हे सतत जाणवतं: रुंद, अखंड, जड पृष्ठभाग तो टाळतो आणि काठ्यांनी, पट्ट्यांनी, जाळीनं वस्तू उभी करतो.

हलकी आरामखुर्ची

१९४२ मधली त्याची आरामखुर्ची ‘हलकी’ याच नावानं ओळखली जाते. दोन लाकडांत ती बनली, एक इंबुइयाच्या गडद लाकडात आणि एक पाऊ-मार्फिंच्या हस्तिदंती रंगाच्या लाकडात. तिची चौकट उघडी आहे. पाय खाली जाता जाता निमुळते होतात, हात बारीक होत पुढे येतात, आणि बैठक-पाठ त्या चौकटीत अलगद टेकवल्यासारखी दिसते. खालून, मागून, बाजूनं हवा खेळते.

पुढे तेनरेइरोनं या हलकेपणाविषयी जे सांगितलं त्याचा आशय असा: ब्राझीलचं फर्निचर हलकं असायला हवं, पण ते हलकेपण तराजूवरचं नव्हे, ते डौलाचं आणि खोलीत जागा मोकळी ठेवण्याचं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण ‘हलकं’ म्हटलं की स्वस्त, तकलादू असा अर्थ पटकन घेतो. गिऱ्हाईक दुकानात खुर्ची उचलून बघतं आणि ‘वजनदार आहे’ म्हणून समाधान पावतं. कातागुआझेसच्या घरमालकानं नेमकं उलटं मागितलं.

या खुर्चीबद्दल माझी एक तक्रारही आहे. बैठक अजून गादीची आहे. पातळ असली तरी कापड आणि भरण आहेच, म्हणजे घामाचा प्रश्न निम्माच सुटला. पुढच्या काही वर्षांत तेनरेइरो वेताकडे वळला, आणि माझ्या मते खरं उत्तर तिथे आहे. १९४७ च्या सुमाराची त्याची झुलती खुर्ची, जाकारांदा लाकूड आणि विणलेला वेत, मी तिची छायाचित्रं तासन्‌तास पाहिली आहेत. तिच्यात वाऱ्याला अडवेल असं काहीच नाही.

(इथे एक खुलासा करायला हवा. जाकारांदा म्हटलं की पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर जांभळा बहर धरणारं झाड डोळ्यांपुढे येतं. ते हे नव्हे. ब्राझीलचे सुतार ज्याला जाकारांदा म्हणतात ते आपल्या शिसवाचं सख्खं भावंड आहे, वनस्पतिशास्त्रातलं कूळ एकच. काळपट तपकिरी, मध्येच जांभळट रेषा, रंधा मारताना गोडसर वास.)

वेत कसा बसतो

वेत विणणं ही लिहून सांगायची गोष्ट नव्हे, पण प्रयत्न करतो, कारण हवामान आणि कला एकमेकांत कुठे गुंतलेली आहेत ते इथेच दिसतं.

आमच्या घरी आजोबांची शिसवी आरामखुर्ची आहे, लांब हातांची. मागच्या उन्हाळ्यात तिचा वेत मी नव्यानं विणला. जुना वेत कापून काढला, चौकटीतली भोकं खिळ्यानं साफ केली. भोकं साधारण अर्ध्या इंचावर एक, चौकटीच्या चारही बाजूंना. वेताची पट्टी म्हणजे वेलाची वरची चकचकीत साल, दोन-अडीच मिलिमीटर रुंद. ती अर्धा तास पाण्यात ठेवली की बोटाभोवती गुंडाळता येते. मग एक थर उभा, त्यावर एक आडवा, पुन्हा उभा, आणि चौथा आडवा मात्र खालीवर विणत न्यायचा. चार थर झाले की चौकोनी जाळी दिसते, पण ती अजून सैल असते. पाचवा थर तिरपा, सहावा उलट्या बाजूनं तिरपा. हे दोन तिरपे थर घातले की चौकोनांचे अष्टकोन होतात आणि जाळी एकदम जागच्या जागी बसते. भोकांत छोट्या खुंट्या ठोकायच्या, कडेला जाड पट्टी बांधायची आणि वाळायला ठेवायची.

रात्रभरात वेत वाळतो, आकसतो आणि बैठक पखवाजासारखी ताणली जाते. बोटानं वाजवली तर आवाज येतो. सकाळी तो आवाज ऐकायला मी चहाच्या आधी कार्यशाळेत गेलो होतो.

आता चौकटीकडे बघा. शेकडो पट्ट्या चारही बाजूंना आत ओढताहेत. त्यात भोकं पाडून आपणच लाकूड कमजोर केलं आहे. सांधा ज्या कुसवावर, म्हणजे खाचेत बसणाऱ्या लाकडाच्या जिभेवर, उभा आहे ते कुसू अंगठ्याएवढं. मऊ लाकूड असतं तर चौकट आत वाकली असती किंवा भोकांच्या ओळीतून उलली असती. म्हणून घट्ट, जड लाकूड लागतं. सागवानाचा घनमीटर साधारण ६५० किलो भरतो, शिसव आणि जाकारांदा ८०० च्या पुढे. खुर्ची हलकी दिसायची तर ती जड लाकडाची असावी लागते! बारीक पाय, बारीक हात, विरळ बैठक हे सगळं त्या घट्ट लाकडाच्या जिवावर. सांधेसुद्धा सरसाच्या भरवशावर सोडून चालत नाहीत. कुसू खाचेत असं बसलं पाहिजे की पावसाळ्यात सरसानं दगा दिला तरी खुर्चीनं देऊ नये.

सुंदर दिसतं म्हणून बारीक केलं, की बारीक करावं लागलं म्हणून सुंदर दिसतं? या खुर्चीत दोन्ही निर्णय एकच आहेत. उपयोगाच्या वस्तूला कलाकृती म्हणण्याचा हक्क मला इथे पटतो. नक्षी चढवून तो मिळत नाही.

गोव्याचा धागा

वेत ब्राझीलचा नाही. वेताचा वेल हा आशियातला, आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण भागातही वाढणारा. वेताच्या बैठका सतराव्या शतकात पूर्वेशी चाललेल्या व्यापारातून युरोपात रुळल्या आणि तिथून समुद्रापार ब्राझीललाही पोहोचल्या. गोव्यातल्या जुन्या घरांच्या दिवाणखान्यांत शिसवी चौकटीच्या आणि वेताच्या बैठकीच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या दिसतात. गोवा आणि ब्राझील, दोन्हीकडे पोर्तुगीज राज्य. दोन्हीकडे एकाच कुळातलं काळं लाकूड. दोन्हीकडे दमट हवा. आपण ‘अलमारी’ म्हणतो आणि ‘व्हरांडा’ म्हणतो, हे शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून आले. कातागुआझेसच्या माणसाला ते सांगितले तर लगेच कळतील.

म्हणून मला तेनरेइरोचं काम परकं वाटत नाही. पोर्तुगालच्या खेड्यातून आलेला सुतार ब्राझीलमध्ये पोहोचला आणि आशियातला वेत हातात घेऊन उष्ण मुलुखाची खुर्ची बनवू लागला. आपल्याकडे ही खुर्ची आधीपासून होती. आपण ती माळ्यावर टाकली आणि सोफा घेतला.

पुढे काय झालं

कातागुआझेसच्या कामानंतर तेनरेइरोनं नोकरी सोडली. १९४३ मध्ये लांगेनबाख नावाच्या भागीदाराबरोबर स्वतःची कार्यशाळा काढली, १९४७ मध्ये कोपाकाबानात दुकान थाटलं. पुढे कातागुआझेसमध्ये निमायरनंच बांधलेल्या शाळेचं फर्निचरही त्यानं केलं. त्या शाळेमागेही पेइशोतोच होता. एका घराची ऑर्डर गावाच्या शाळेपर्यंत पोहोचली.

१९४७ च्या सुमाराची त्याची तीन पायांची खुर्ची सगळ्यात जास्त प्रसिद्ध आहे. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांच्या पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून, मग तासून तिची वळणदार बैठक केली आहे. काही खुर्च्यांत दोन लाकडं, काहींत पाचापर्यंत: काळपट जाकारांदा, पिवळट-पांढरं पाऊ-मार्फिं, जांभळं रोशिन्यो, तपकिरी इंबुइया, लालसर काब्रेउवा. रंगाचा एक थेंब नाही, सगळे रंग झाडांचे. सुतार म्हणून मला आधी भीती वाटली. पाच लाकडं म्हणजे फुगण्याच्या पाच तऱ्हा, आणि ती एकमेकांना जखडलेली! पण नीट पाहिलं की पट्ट्या अरुंद आहेत आणि सगळ्यांच्या रेषा एकाच दिशेला. प्रत्येकीच्या फुगण्यातला फरक केसाएवढा राहतो. पुन्हा तोच हिशेब, फक्त या वेळी चित्रकाराच्या हातून.

सगळंच चांगलं झालं असं म्हणता येत नाही. हे फर्निचर शेवटपर्यंत हातानं बनत राहिलं, त्यामुळे महाग राहिलं आणि सुखवस्तू घरांतच गेलं. ज्या घामासाठी ते बनलं, तो घाम गिरणीत गाळणाऱ्या माणसाच्या घरी ते पोहोचलं नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस झानिने काल्दास या दुसऱ्या ब्राझिलियन कारागिरानं प्लायवूड कापून स्वस्त खुर्च्या बनवायला घेतल्या, तो प्रयत्न या बाबतीत पुढचा होता. तेनरेइरो त्या वाटेला गेला नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यानं फर्निचरचा व्यवसायच बंद केला आणि चित्र-शिल्पांकडे वळला.

दुसरी गोष्ट लाकडाची. ज्या जाकारांदाच्या ताकदीवर हे बारीक पाय उभे राहिले, ते झाड ब्राझीलच्या किनारी जंगलांतून इतकं तोडलं गेलं की १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय करारानं त्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत घातलं. तेनरेइरोही त्याच वर्षी वारला. २०१७ पासून त्या कुळातली उरलेली झाडंही, म्हणजे आपला शिसवसुद्धा, त्याच कराराच्या दुसऱ्या यादीत आली आणि परदेशी व्यापारावर बंधनं आली. कोकणातल्या जुन्या घरांत शिसवी पलंग आणि झोपाळे सहज दिसतात. नवा शिसव मिळवायला गेलात तर वखारवाला आधी तुमच्याकडे नीट बघून घेतो.

मी सध्या जुन्या घरांतून निघालेलं लाकूड वापरतो. घर पाडताना लोक पलंगाचे मोडके पाय, झोपाळ्याच्या कड्या, तुटक्या खुर्च्या भंगारात देतात. तेनरेइरोच्या पद्धतीचा मला झालेला सगळ्यात मोठा उपयोग हाच: बारीक काम करायचं ठरवलं की लाकूड थोडं लागतं. पलंगाच्या एका जाड पायातून खुर्चीचे चार पाय निघतात. सत्तर-ऐंशी वर्षं घरात मुरलेलं लाकूड असतं, पीळ-बाक यायचा तो येऊन गेलेला. वाळवीनं खाल्लेला भाग पटाशीनं काढून टाकला की आतला गाभा अजून काळाभोर असतो.

गेल्या महिन्यात एक जोडपं आलं, कुडाळजवळ घर बांधताहेत. त्यांना आधी मोठा सोफा हवा होता. मी त्यांना काही समजावलं नाही, आजोबांच्या खुर्चीत बसवलं आणि पंखा बंद केला. दहा मिनिटांनी बाईंनी विचारलं, अशा दोन मिळतील का. पलंगाचा एक पाय चिरून ठेवला आहे. खुर्चीचा पाय वर बत्तीस मिलिमीटर आणि खाली बावीस, एवढाच निमुळता करायचा आहे. वेत पावसाआधी विणायला हवा.